शिकवणारा घडतो कोठे?

शालान्त परीक्षा आटोपली म्हणजे आमचे विद्यार्थी निरोप घेण्यास येतात. पुढे कोणता अभ्यासक्रम घेणार, असे विचारल्यास प्रत्येकाचे उत्तर तयार असते. परंतु आपल्या मंडळीत कोणती सेवा करणार, असे ख्रिस्ती विद्यार्थ्यांस विचारले म्हणजे बहुतेक जण नुसते हसतात. क्वचित एखादी मुलगी सांगते, "सर, शब्बाथशाळेतला लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे दिला आहे, पण तो घ्यावा कसा, हे कोणी सांगितलेच नाही." या मुलीच्या प्रश्नाचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न लहान दिसतो, पण आहे मोठा. पुष्कळ ठिकाणी एकाच पाळकाकडे अनेक गावांच्या मंडळ्या असतात. एका गावी ते उपासना चालवीत असता दुसऱ्या गावच्या मुलांपुढे कोणी तरी उभे राहिलेच पाहिजे. शब्बाथशाळा आठवड्यातून एक तास भरते. वर्षाकाठी फार तर ५२ तास झाले. आमच्या शाळेत इतके तास दोन आठवड्यांत होतात! इतक्या थोड्या वेळात ज्याला मुलाच्या अंतःकरणाशी बोलावयाचे आहे, त्याने तयारीवाचून उभे राहावे काय?

आपल्या वडीलधाऱ्यांनी हे काम हलके मानले नव्हते. इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरी वृत्तपत्राचे मालक रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली शब्बाथशाळा सुरू केली, ती आठवडाभर मजुरी करणाऱ्या मुलांसाठी. सुटीचा तेवढा एक दिवस त्यांना मोकळा असे. म्हणून शास्त्रपाठाबरोबर वाचनही तेथेच शिकवीत. आपल्या मराठी मुलुखात अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली अहमदनगरास, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगरास, त्यांनी ठाणे केले. पुढे खेडोपाडी जे शिक्षक गेले, त्यांच्यापैकी कित्येक जण आठवडाभर मुलांस अक्षरे गिरवावयास लावीत आणि रविवारी तेच उपासना चालवीत. अशा सेवकांस रीतसर शिक्षण मिळावे म्हणून रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी १८७८ साली अहमदनगरास धर्मशिक्षणाची शाळा स्थापिली.

अशा विद्यालयांचे उपकार थोर आहेत. तथापि तेथे जाणारे थोडे, आणि शिकवणारे तर प्रत्येक मंडळीस हवे आहेत. मग बाकीच्यांनी शिकावे कोठे? आमचे उत्तर असे की, स्वतः मंडळीनेच आपले शिकवणारे घडविले पाहिजेत. ही कल्पना नवी नाही. प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोसाचा वृत्तांत आहे. तो आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात निपुण, शास्त्रात प्रवीण. तरी त्याच्या ज्ञानात उणीव होती. इफिस शहरी त्याचे भाषण ऐकून अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या ती ध्यानात आली. हे दाम्पत्य राहुट्या करून पोट भरणारे. त्यांनी चारचौघांत त्याचा पाणउतारा केला नाही, किंवा "आम्हाला काय त्याचे" म्हणून गप्पही बसले नाहीत. त्याला आपल्याजवळ बोलावून घेऊन मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्या कारागीर नवराबायकोचा सहवास हेच अपुल्लोसाचे विद्यालय झाले, आणि त्यालाही त्यांच्यापाशी शिकण्याची लाज वाटली नाही.

आपल्या प्रांतातले उदाहरण पाहावयाचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घर पाहावे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. अहमदनगरच्या त्या धर्मशाळेत ते शिकवीत, आणि कीर्तने व भजने यांच्या द्वारे आपल्या लोकांच्या वाणीत सुवार्ता सांगत. लक्ष्मीबाईंनी लहानपणी शाळा पाहिली नव्हती. वाचणे त्या संसारात पडल्यावर शिकल्या. १९१९ साली 'ख्रिस्तायन' अपुरे ठेवून टिळक निवर्तले, तेव्हा त्या महाकाव्याचा उरलेला मोठा भाग रचून पुरा केला तो याच बाईंनी.

आता मंडळीने हे शिक्षण द्यावे कसे? आम्हांस प्रशिक्षणाच्या दिवसांत एका वृद्ध शिक्षिकाबाईंनी एक रीत घालून दिली होती, तीच सांगतो. पहिले तीन महिने नवख्याने अनुभवी शिक्षकाच्या वर्गात मागे बसून नुसते पाहावे. पुढील तीन महिने धड्यातील एखादीच गोष्ट आपण सांगावी. त्यानंतर सबंध वर्ग चालवावा आणि अनुभवी शिक्षकाने मागे बसावे. शनिवारी सायंकाळी सर्व शिक्षकांनी एकत्र जमावे, उद्याचा शास्त्रभाग वाचावा, आणि मुलाने घरी काय न्यावे ते प्रत्येकाने एकाच वाक्यात सांगावे. ते वाक्य सापडेना तर धडा अजून तयार झाला नाही असे समजावे.

एका शनिवारी पेरणाऱ्याचा दृष्टांत निघाला होता. गोष्ट सर्वांस पाठ. तेव्हा तयारी ती कसली, असे आम्हां तरुणांस वाटले. बाईंनी विचारले, "तुमच्या वर्गातल्या मुलांचे बाप ज्वारी कशाने पेरतात?" "तिफणीने," आम्ही म्हणालो. "तिफणीचे बी तर थेट तासात पडते, मग ते वाटेवर आणि काटेरी झुडपांत गेले कसे, असे मुलाने विचारले तर?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. तेव्हा त्यांनी सांगितले की, प्रभूच्या देशात हाताने बी फोकून पेरीत. म्हणून मूठ उधळली की चार दाणे पायवाटेवर जावयाचेच. दुसऱ्या दिवशी वर्गात नेण्यासाठी त्यांनी प्रत्येकाच्या हाती ओंजळभर ज्वारी दिली. मुलांनी ती अंगणात उधळली, चिमण्या आल्या, आणि अर्ध्या दृष्टांताचा अर्थ मुलांस आपोआप उमगला. मुलाच्या शिवारातून शास्त्राच्या शिवारात वाट काढून देणे यालाच आम्ही तयारी म्हणतो.

पालकांसही एक विनंती आहे. तीमथ्याचा विश्वास प्रथम त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी वसला होता, असे पौल लिहितो. ज्या घरी शास्त्र उघडलेच जात नाही, त्या घरच्या मुलास आठवड्याचा एक तास कितीसा पुरणार? आणि मंडळीतील वडील मंडळींनो, वर्षानुवर्षे सांभाळलेला वर्ग दुसऱ्याच्या हाती देणे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण तो आपल्या डोळ्यांदेखत दिला, तरच नवख्यास सावरता येते. आपल्या मागून दिला तर सावरणार कोण?

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यातील सर्व जण ख्रिस्ती नाहीत. तरी धाकट्या भावंडास शिकवावयाचे असो की गावातील मुलांस, आधी पाहणे, मग करणे, मग कोणी चुका दाखविल्या तर त्या मानणे, हा क्रम सर्वांस सारखाच आहे. आणि ज्या मुलीने तो प्रश्न आम्हांस विचारला, तिला आमचे सांगणे इतकेच: येत्या रविवारी आपल्या मंडळीतील एखाद्या जुन्या शिक्षिकेच्या वर्गात मागच्या रांगेत जाऊन बस, आणि उपासनेनंतर तिला म्हण, "बाई, मला शिकवा." अशी विनंती ऐकून कोणी बाई रागावल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.