परभणीचं पेट्रोल

२०१८ मध्ये देशातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून आमची परभणी टीव्हीवर झळकली. तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगला. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' नंतर होस्टेलच्या पोरांना चिडवायला नवा विषय मिळाला! एक कारण साधं होतं: आमच्याकडे पेट्रोल मनमाडजवळच्या डेपोतून येतं, साडेतीनशे किलोमीटरवरून, टँकरने.

पण जरा टँकरच्याही मागे जाऊ. १९६० मध्ये सोव्हिएत युनियनने आपल्याला स्वस्त कच्चं तेल देऊ केलं, तेही रुपयांत. मुंबईतल्या रिफायनऱ्या मात्र बर्मा शेल आणि स्टॅनव्हॅकच्या. त्यांनी ते शुद्ध करायला चक्क नकार दिला. देणारा तयार, घेणारा तयार, अन् आपल्याच मुंबईत आपलं चालेना!

१९७६ मध्ये सरकारने बर्मा शेल ताब्यात घेतली. तीच आजची भारत पेट्रोलियम. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटल्यावर अमेरिका-युरोपची नाराजी पत्करून आपण रशियन तेल घेतलं, तेव्हा 'आम्ही शुद्ध करणार नाही' म्हणणारं कुणी नव्हतं. (खासगीवाल्यांनीही भरपूर घेतलं, ते वेगळं.) त्याच मे महिन्यात भारत पेट्रोलियम विकायचा बेत सरकारने गुंडाळला. मला तरी बरं वाटलं.

बाबांचा प्रश्न मात्र उरतोच: "स्वस्तात आणलं म्हणता, मग पंपावर का नाही दिसलं?" तेल कंपन्यांनी भाव उतरवले ते थेट मार्च २०२४ मध्ये. लिटरमागे २ रुपये.