घट्ट बर्फ वाहतो कसा?

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हां कोंकणांतल्या एका शाळेंत संस्कृत शिकवीत असें. भूगोलाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेल्यामुळें सातवीचा भूगोलहि माझ्याच गळ्यांत आला होता. ‘हिमनदी’ हा पाठ चालू असतां मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, बर्फ तर दगडासारखा घट्ट. मग तो वाहतो कसा?” बर्फ मीं त्यापूर्वीं सरबताच्या दुकानांतच काय तो पाहिलेला. उत्तर ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं असें म्हणण्याचें धैर्यहि नव्हतें. वर्ग हंसूं लागला. तो मलाच हंसतो आहे असें मला वाटलें, आणि मीं त्या मुलाच्या हातावर छडी मारून त्याला खालीं बसविलें.

माझी कन्या व जांवई लंडनला असतात. गेल्या माघांत त्यांनीं मला आइसलँड दाखविण्याचा घाट घातला, तेव्हां माझ्या मनांत पहिली आठवण आली ती त्या छडीची. आमच्या सौ.नीं गुडघ्यांची सबब सांगून लंडनलाच राहणें पसंत केलें. एकंदरींत शहाणपण त्यांचेंच.

रेक्याविक ह्या राजधानीपासून आमचें ठिकाण सुमारें ३७० किलोमीटर. वाटेंत वीक नांवाच्या समुद्रकांठच्या खेड्यांत एक रात्र काढली. दुसरे दिवशीं सूर्य उगवला तोच दहाच्या सुमारास. थंडी मात्र मीं भ्यालों होतों तेवढी नव्हती. अटलांटिकांतील उष्ण प्रवाहामुळें त्या किनाऱ्यावर हिवाळ्यांतहि पारा शून्याच्या आसपासच घुटमळतो. खरी पीडा वाऱ्याची. दोन्ही बाजूंस हिमनद्यांनीं वाहून आणलेल्या काळ्या वाळूचें अफाट मैदान, आणि डावीकडे वात्नायोकुल् हा हिमाचा पठारासारखा विस्तार. त्याचें क्षेत्र सुमारें ७,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपला रत्नागिरी जिल्हा, आणि तो सर्व बर्फाखालीं!

‘योकुल्सारलोन’ ही पाटी वाचतांना जांवईबापू अडखळले. मला ती सोपी वाटली, कारण तो सरळ षष्ठी-तत्पुरुष आहे. योकुल् म्हणजे हिमनदी; तिच्या वितळलेल्या पाण्याची नदी; त्या नदीचें लोन, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतलें खाजण. त्या भाषेंत नांवाला ‘नाप्न’ आणि रात्रीला ‘नोत्त’ म्हणतात. ‘नाम’ व ‘नक्तम्’ ह्यांचीं हीं दूरचीं भावंडें इतक्या थंडींत कशीं पोहोंचलीं, ह्याचा विचार करीत होतों तोंच गाडी थांबली.

समोर सरोवर होतें आणि त्यांत घराएवढाले हिमखंड उभे होते. कांहीं पांढरे, कांहीं निळे. हिमाचे थरांवर थर सांचून आंतली हवा दाबानें निघून गेली कीं बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो आणि उरतो तो हा निळा रंग. कांहीं खंडांवर काळे पट्टे होते. ती पुरातन ज्वालामुखींची राख. एका खंडाच्या कडेला सील निवांत पहुडले होते. भरतीच्या वेळीं समुद्राचें पाणी आंत शिरतें, त्याबरोबर मासे येतात, आणि माशांच्या मागें हे.

मीं समजलों होतों कीं हें कांहीं अनादि सरोवर असेल. प्रत्यक्षांत तें माझ्या आईच्या वयाचें निघालें! १९३४-३५च्या सुमारास हिमनदी मागें हटूं लागली आणि तिनें पूर्वीं कोरून ठेवलेल्या खोल चरांत पाणी सांचलें. आज त्याची खोली सुमारें २५० मीटर आहे. कुतुबमिनार एकावर एक तीन ठेवले तरी बुडतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिमनदीचें तोंड समुद्रापासून हांकेच्या अंतरावर होतें. आतां तें कित्येक किलोमीटर मागें आहे. त्याहिपूर्वीं, सुमारें हजार वर्षांमागें, ह्याच भागांत शेतें व घरें होतीं. पुढें थंडी वाढली आणि हिमनदीनें चालून येऊन तीं गिळलीं. आतांची माघार मात्र आपण तापविलेल्या हवेमुळें अधिक वेगानें होत आहे, आणि पुढें केलेलें पाऊल मागें घेतांना ती गिळलेलें कांहीं परत देत नाहीं.

तेथें उभा असतांना एकाएकीं तोफेसारखा आवाज झाला. एक हिमखंड कलला, सावकाश उलटा झाला आणि त्याची निळीशार पाठ वर आली. कन्येनें माझा हात घट्ट धरला. मी मात्र पलीकडे, जेथून हे खंड तुटून येतात त्या हिमनदीकडे पाहत होतों. तिचें वाहणें डोळ्यांना दिसत नाहीं. पण तिच्या अंगावरच्या वळ्या आणि भेगा पाहिल्या कीं संशय राहत नाहीं. आपल्याकडे पावसाळ्यांत गुळाची ढेप घट्ट दिसते, तरी स्वतःच्या भारानें हळूहळू बसते आणि पसरते, तसेंच हें. वरच्या शेंकडों मीटर बर्फाच्या ओझ्यानें खालचा बर्फ दबतो, आकार बदलतो, आणि तळाशीं पाणी सुटलें कीं सगळी नदी खडकावरून घसरतेहि. एवढेंच उत्तर होतें. चौदा वर्षांच्या मुलाला पांच मिनिटांत कळलें असतें.

गांवीं परतल्यावर मीं त्या मुलाचा तपास केला. त्याचें बाजारांत सायकलींचें दुकान आहे. केंस पिकले आहेत. मीं स्टुलावर बसून त्याला सगळें सांगितलें, गुळाच्या ढेपेसुद्धां. तो हात पुसत लक्ष देऊन ऐकत होता. शेवटीं म्हणाला, “गुरुजी, हें मीं विचारलं होतं? मला कांहीं आठवत नाहीं. छडी मात्र आठवते. ती कां मारलीत तेवढं कधीं कळलं नाहीं.”

तेंहि मीं त्याला सांगितलें. मग त्यानें पोऱ्याला दोन चहा आणावयास पाठविलें.