कोचीच्या शीतगृहात अरबी समुद्र

जाड दार सरकलं आणि पांढरकवड्याच्या उन्हात वाढलेल्या माझ्या अंगावर चार अंशांची थंडी आली. हे कोची केरळातलं नव्हे, जपानच्या शिकोकू बेटावरचं. इथल्या कोअर सेंटरमध्ये छतापर्यंत मांडण्या आहेत आणि त्यांत हिंदी महासागराचा तळ ठेवला आहे: उभ्या चिरलेल्या, दीड-दीड मीटरच्या चिखलाच्या नळ्या. आपला अरबी समुद्रही त्यांत आहे! २०१५ साली कोलंबोहून निघालेल्या ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ जहाजानं अरबी समुद्राखालच्या लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, समुद्रतळ अकराशे मीटर छेदला. एका छिद्रात थेट बेसॉल्ट लागला. मध्य-महासागरी कण्यांसारखा एकेकाळी तिथेही समुद्रतळ दुभंगून पसरत होता, असं अनेक भूवैज्ञानिक मानतात.

काही नळ्यांना पिवळी टोपणं होती. तिथला गोल तुकडा जहाजावरच कापून घेतलेला, तोही चिखलात अडकलेल्या पाण्यासाठी. टायटॅनियमच्या साच्यात चिखल घालून रसवंतीत ऊस पिळावा तसा पिळतात. उशीर करून चालत नाही, पाण्याचे गुण बदलू लागतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम. चिखलात खाली जावं तसं जिवाणू पाण्यातलं सल्फेट संपवतात. बेसॉल्टकडे जाताना बहुधा मॅग्नेशियम घटतं, कॅल्शियम वाढतं. खडक एक घेतो, दुसरं देतो. मध्य-महासागरी कण्यांजवळ खडक नवा, भेगाळ. त्यातून समुद्राचं पाणी फिरतं. ते चिखलातून वर झिरपत असेल, तर मॅग्नेशियमच्या आलेखाला बाक येतो. त्या बाकावरून वर्षाला काही मिलिमीटर इतका संथ प्रवाहही मोजता येतो. मी थक्क झालो ते इथे.

आणि मला आमच्या केळापूर तालुक्यातल्या बोअर आठवल्या. तिथेही खडक पाण्याला काही देतो. पांढरकवडा परिसराच्या भूजलातल्या फ्लोराइडवर ‘करंट सायन्स’मध्ये २००७ साली लेख आला होता. भेगाळ खडकात पाणी जितका जास्त काळ राहतं, तितकं फ्लोराइड वाढण्याची शक्यता. कॅल्शियम कमी असलं की ते पाण्यात टिकून राहतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दात डागाळतात, त्याहून बरंच वाढलं की हाडं धरतात. चवीवरून काही कळत नाही. साडेतीन किलोमीटर पाण्याखालच्या चिखलाची थरनिहाय नोंद होते, मग आपल्या पिण्याच्या पाण्याची का नको? नवी बोअर मारली की खोली लिहून ठेवा, आणि घोटभर पिण्याआधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.