सकाळचं पाणी

दिवाळीच्या सुट्टीत रात्रीची जेवणं उरकली की आमच्याकडे सतरंजीवर ‘डिक्सिट’ मांडला जातो. पेटीत 84 कार्डं. एकावरही अक्षर नाही, नुसती स्वप्नात दिसावीत तशी चित्रं. ती रंगवली मारी कार्दुआ हिने, आणि खेळ रचला झाँ-लुई रुबिरा या फ्रेंच बालमानसोपचारतज्ज्ञाने. 2008 साली तो आला आणि 2010 साली जर्मनीतला ‘श्पील डेस यारेस’ हा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. डिक्सिट हा लॅटिन शब्द; अर्थ ‘म्हणाला’ किंवा ‘म्हणाली’.

प्रत्येकाच्या हातात सहा कार्डं. ज्याची पाळी, तो एक कार्ड निवडतो आणि त्यावरून मनात येईल ते म्हणतो. बाकीचे त्या बोलण्याला जुळेलसं आपलं कार्ड पालथं देतात. मग सगळी पिसून मांडायची आणि मूळचं ओळखायचं. सगळ्यांनी ओळखलं, तर सांगणाऱ्याला शून्य. कुणीच ओळखलं नाही, तरी शून्य. काहींना उमगलं आणि काहींना नाही, तरच त्याला तीन गुण. मुलांशी बोलणं हेच ज्याचं काम, त्यालाच असा नियम सुचावा. आतलं सांगताना माणूस दार किलकिलंच ठेवतो, हे त्याने रोज पाहिलं असणार.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईची पाळी आली. ती म्हणाली, “सकाळचं पाणी.”

मुलांनी समुद्र दिला, पाऊस दिला. मी होडीला मत दिलं. मामाने मात्र क्षणभरही न थांबता वर वर चढत गेलेला जिना निवडला.

“ताई, चौथा मजला,” तो एवढंच बोलला.

मग खेळ तसाच राहिला. गिरगावातली त्यांची चाळ, खालच्या चौकात पहाटे येणारा नळ. पाणी वर चढत नसे, म्हणून ही दोघं भावंडं एकच कळशी दोन बाजूंनी धरून लाकडी जिना चढायची. किती सांडलं, ते आजी पायऱ्यांवरच्या ओल्या डागांवरून ओळखायची. आई सांगताना अडली की मामा पुढचं सांगे, तो अडला की आई. त्या घरात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आईला इतकी वर्षं ओळखत होते, पण ती कळशी मला त्या रात्री पहिल्यांदा दिसली.

यंदा मामा नव्हता. आम्ही चौघंच बसलो. आईने हातातली कार्डं लावली, एकवार आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सकाळचं पाणी.”

आम्ही तिघांनीही जिनाच ओळखला. नियमाप्रमाणे आम्हाला दोन-दोन गुण, आईला शून्य. आमच्या सशांच्या सोंगट्या पटावर पुढे सरकल्या.

“आजी, एवढं सोपं कशाला दिलंस?” धाकटा हळहळला.

आई काही बोलली नाही. तिचा ससा होता तिथेच राहिला. जिन्याचं कार्ड तिने उचललं आणि पुढची पाळी सुरू झाली तरी हातातून खाली ठेवलं नाही.