दिव्याखालची शेवंती

विद्वानांच्या घरीं दिवा उशिरापर्यंत जळतो, अशी एक प्रेमळ समजूत लोकांत आहे. आणि अध्यापकाच्या धंद्यांत तीस वर्षें काढल्यावर ती खोटी पाडण्याचें धैर्य आमच्या अंगीं उरलेलें नाहीं. आमच्या टेबलावरील दिवा मध्यरात्रीपूर्वीं सहसा मालवत नाहीं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आमची धाकटी कन्या परीक्षेच्या अभ्यासाला बसते, आणि शेजारच्या खिडकींत शेवंतीची कुंडी असते.

यंदा मार्गशीर्षांत शेजाऱ्यांची शेवंती पिवळीजर्द झाली. आमच्या शेवंतीला मात्र पानांशिवाय कांहीं सुचेना. खत घातलें, माती बदलली. सौभाग्यवतींनीं आमच्या हातगुणावर टीकाही केली. शेवटीं एका प्रयोगशाळेंत वनस्पतींवर संशोधन करणारा आमचा जुना विद्यार्थी भेटीस आला. कुंडीकडे न पाहतां त्यानें दिव्याकडे पाहिलें आणि विचारलें, "सर, हा रात्रीं किती वाजेपर्यंत असतो?"

मग त्यानें सांगितलें तें असें. बंद खोलींत दिव्यांच्या उजेडावर रोपें वाढविणारीं प्रयोगमंदिरें आतां पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियांत पॅसाडेना येथें असें एक मंदिर १९४९ सालीं उघडलें. तेथें ऊन, ऊब आणि रात्र हीं तिन्ही माणसाच्या हातीं असत. परंतु दिव्यांच्या या शास्त्राला लागलेला मोठा शोध आहे तो अंधाराचा! हॅमनर आणि बॉनर यांनीं १९३८ सालीं दाखविलें कीं, कांटेरी फळांच्या एका रानटी तणाला फुलण्यासाठीं लांब व अखंड रात्र लागते. मध्येंच एक मिनिटभर दिवा लावला, तरी फूल येत नाहीं. हा बिघाड तांबड्या प्रकाशानें होतो, आणि लागलीच वर्णपटाच्या अगदीं कडेचा गडद तांबडा प्रकाश दिला तर तो दुरुस्तही होतो, असें १९५२ सालीं अमेरिकेंतच बेल्ट्सव्हिल येथें आढळलें. गव्हाची तऱ्हा उलट. त्याला रोज २२ तास उजेड देऊन वर्षाला ६ पर्यंत पिढ्या काढण्याची रीत २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. शेवंती मात्र त्या तणाच्याच कुळांतली, आणि स्वभावानेंही त्याच्यासारखी.

आम्ही ओशाळलों. त्याच संध्याकाळीं कुंडी मागच्या ओसरीवर नेली. तेथें दिवसां ऊन असतें आणि रात्रीं काळोख. रात्रीं टेबलाशीं आलों, तों कन्या पुस्तकावर मान टाकून झोंपलेली. "अजून एक धडा," असें आम्ही तिला रोज म्हणत आलों होतों. गहूं कोण आणि शेवंती कोण, हें आम्हीं वर्गांत तीस वर्षें कधीं पाहिलेंच नव्हतें. त्या रात्रीं दिवा आम्हींच मालविला.

माघ सरतां सरतां शेवंतीनें कळ्या धरल्या. कन्येचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.