वारणेच्या माथ्याकडे : चांदोलीची उन्हाळी सहल



गुढीपाडवा झाला की आपल्या घरात थोडी उसंत येते. ज्वारीची मळणी उरकलेली असते, गहू-हरभरा घरी आलेला असतो आणि पोरांच्या परीक्षा आटोपत आलेल्या असतात. रोहिणीचा पेरा अजून लांब असतो. या दिवसांत आपण लग्नांना जातो, जत्रांना जातो. यंदा त्यातले दोन दिवस बाजूला काढा आणि घरच्या मंडळींना घेऊन चांदोलीचे जंगल पाहून या, असे मी आपणास सुचवणार आहे.

"साहेब, आम्ही जन्मभर रानातच राबतो. आम्हाला रानाचं काय कौतुक?" असे मला एका बैठकीत विचारले गेले. प्रश्न विचारणारे गृहस्थ वारणेच्या पाण्यावर ऊस करणारे होते. मी त्यांना म्हटले, "आपली मोटर ज्या नदीत बसवली आहे, ती नदी कोठून येते ते आपण पाहिले आहे का?" त्यांनी पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर नोकरीची बरीच वर्षे जाईपर्यंत मीही पाहिले नव्हते.

पाथरपुंजच्या परिसरात, सह्याद्रीच्या माथ्यावर वारणा उगम पावते. पावसाळ्यात तेथल्या पावसाचे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो. हे पाणी जंगलातून उतरून चांदोलीच्या धरणात येते. या जलाशयास वसंतसागर म्हणतात आणि त्याची साठवण ३४.४० टीएमसी आहे. पुढे हीच वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते. धरणाच्या वरच्या अंगाचे जंगल १९८५ साली अभयारण्य झाले आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमांवर ते सुमारे ३१८ चौरस किलोमीटर पसरले आहे. २०१० साली कोयनेच्या अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली.

आता केव्हा जावे ते पाहू. पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंतचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. ओढे आटलेले असतात, त्यामुळे गवे आणि सांबरे उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. अंजनीला जांभळ्या फुलांचे झुबके असतात आणि करवंदे धरू लागलेली असतात. झाडीत शेकरूची उडी दिसते, डोक्यावरून धनेश पंखांचा आवाज करीत जातो. त्यानंतर मात्र शिराळा भागात भाताच्या धूळवाफ पेरणीची गडबड सुरू होते, वळीवही गाठतो. पावसाळ्यात तर उद्यान बंदच असते.

माझी पहिली खेप फुकट गेली ती या हिशेबाच्या चुकीनेच. मे महिन्याच्या अखेरीस, कोणतीही चौकशी न करता, मी सहकुटुंब निघालो. नाक्यावर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती, आणि आत सोडण्याची वेळ टळून गेली होती. परतताना वळवाने झोडपले ते वेगळेच. सौ. म्हणाल्या, "उगवणशक्ती तपासल्याशिवाय बियाणं पेरू नका, म्हणून गावभर सांगत फिरता. आणि स्वतः मात्र न विचारता निघालात!" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून सांगतो, निघण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात प्रवेशाचे दिवस, वेळ, शुल्क आणि वाहनाचे नियम विचारून घ्यावेत.

पुणे-बंगळूर रस्त्यावरील पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, आरळा असे वारणावतीला जाता येते. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या भागात पोहोचून मुक्कामाची सोय करावी आणि पहाटे निघावे. ऊन चढले की जनावरे सावलीला बसतात आणि मग नुसती झाडे पाहून परतावे लागते. वाटाड्या अवश्य घ्यावा. तो बहुधा कडेच्या गावातला तरुण असतो. तेथल्या लोकांनी जंगलासाठी बरेच सोसले आहे, त्यांच्या हाती चार पैसे पडावेत हे योग्यच.

दुसऱ्या खेपेस आमच्याबरोबर एक आबा होते. त्यांचे गाव पूर्वी या जंगलात होते. गाव उठले आणि त्यांना खाली लाभक्षेत्रात जमीन मिळाली. तेथे मी त्यांना ऊस लावायला शिकवले. "साहेब, एकदा माझं गाव दावा," असे ते मला चार वर्षे म्हणत होते. नाक्यावर मी त्यांची पावती फाडली, तेव्हा ते हसले. म्हणाले, "माझ्याच गावाला जायाला तिकीट!"

जांभ्या दगडाचा सडा ओलांडून गाडी एका उतारावर आली. बांध अजून ओळखू येत होते, पण त्यांवर गुडघाभर वाळले गवत होते. दगडी चौथरे, एक पडकी भिंत, आंब्याची झाडे. गवतात सात-आठ गवे चरत होते. वाटाड्याने गाडी थांबवली. उतरण्यास मात्र तेथे परवानगी नव्हती. आबांनी खिडकीतूनच बोट केले. "ह्यो माझा नाचणीचा पड. ह्याच गव्यांला हाकलायला मी माळ्यावर रातरात जागलोय." मग ते आंबे मोजू लागले. पाच होते म्हणे, आता चार राहिले.

त्यांच्या पिशवीत ग्रामदेवतेसाठी नारळ होता. देवळापर्यंत जाता आले नाही. परतताना धरणाखाली नदीच्या काठी त्यांनी तो फोडला. "देवीच्या पायाचंच पानी हाय हे," म्हणाले. मी विचारले, "आबा, आता समाधान झालं ना?" ते म्हणाले, "गाव बघितलं, बरं वाटलं. पर सातबाऱ्यावर अजून निम्म्याच जमिनीला माझं नाव लागलंय, साहेब. ते लागल्यावर समाधान." पाणी पिणाऱ्या आपण सर्वांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, म्हणून येथे लिहिले आहे.

या सहलीत एक गोष्ट मुद्दाम पाहावी. जेथे उतरण्यास परवानगी असेल तेथे झाडाखालचा पाचोळा हाताने बाजूला करावा. भर चैत्रात खालची माती ओलसर लागते. तेथे ना कोणी पाणी देते, ना खत. पानांच्या थराने ओल धरलेली असते. आपण मात्र उसाचे पाचट पेटवून देतो आणि आठ दिवसांत पुन्हा पाणी मागतो. ती माती मुलांना हातात धरू द्यावी. माझ्या चार भाषणांनी झाले नसते ते तेवढ्याने होते.

जाताना पिण्याचे पाणी, भाकरी-चटणी, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यावेत. वाळल्या गवतात गोचिडी असतात. रंग भडक नसावेत. मोबाइलवर भरवसा ठेवू नये, घरी आधीच सांगून निघावे. आगपेटी आणि विडी-काडी बरोबर नेऊच नये. या दिवसांत गवताला एक ठिणगी पुरते, आणि वणव्यात डोंगरच्या डोंगर जातो. कागद-पिशव्या परत आणाव्यात. वाघ दिसेल अशी आशा धरून जाऊ नये. गव्याचा कळप दिसला तरी पैसे फिटले असे समजावे.

आणि आपल्या गावात, शेजारच्या वसाहतीत, असे कोणी आबा असतील तर गाडीतली एक जागा त्यांच्यासाठी ठेवावी. वाटेत ते जे दाखवतील ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते.