जून-जुलैचा हप्ता

बचत गटांवरचं बहुतेक लिखाण पापडापासून सुरू होतं आणि सक्षमीकरणावर संपतं. मला त्यांच्या वह्यांमध्ये जास्त रस आहे. मी पुण्यात कोड लिहितो. मालवणातल्या आमच्या गटाची आई सचिव आहे, आणि सुट्टीत घरी गेलो की हिशोब तपासायचं काम माझ्या गळ्यात पडतं.

आधी थोडं मागे जाऊ. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. नोंदणीची सक्ती नाही, तारण नाही. दहा-वीस बायकांनी नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री सहा महिने पाळली की बँक कर्जाचा विचार करते. कर्ज गटाच्या नावावर. त्यातलं कुणाला किती, हे बायका ठरवणार. म्हणजे बँकेच्या लेखी आमच्या बारा जणी मिळून एकच माणूस.

आता समुद्राचं कॅलेंडर बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. गटातल्या पाच जणी मासे विकतात: किनाऱ्यावरच्या लिलावात माल घ्यायचा, बर्फ घालायचा, टेम्पोने कुडाळ-कणकवली गाठायची. पावसात विकायला सुकी मासळी, आणि तीही मे महिन्यात रोख मोजून भरून ठेवलेली. त्यात जूनमध्ये शाळा सुरू. हातात पैसा सगळ्यात कमी असतो तो तेव्हा, आणि बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने ठरल्या तारखेला.

तरी कर्जखात्यात एक हप्ता चुकलेला नाही. का, ते इतिवृत्ताच्या वहीत सापडलं. दर मे महिन्यात तोच ठराव: मासे विकणाऱ्या सभासदांनी जून-जुलैत फक्त व्याज भरावं. बँकेचा पूर्ण हप्ता गटाच्या शिलकीतून जातो, शिलाईवाल्या आणि खानावळवाल्या आपापला भरतात, आणि मासेवाल्या दिवाळीपर्यंत मुद्दल भरून काढतात. आमच्या धंद्यात याला बफर म्हणतात. आई म्हणते, सांभाळून घेणं. (प्रत्येक गटाला हे जमतं असं नाही. शिलकीवरून फुटलेले गटही वाडीत आहेत.)

वाडीत घरपोच कर्जंही येतात. ती प्रत्येकीच्या नावावर, आणि त्यांच्यामागे सामाईक शिल्लक नसते. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम सांगतो की अशा घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत. नियम चांगलाच. पण मासिक उत्पन्न काढायचं ते वर्षभराच्या कमाईवरून, आणि सरासरीत जून दिसत नाही.

गटांच्या वह्या डिजिटल करायचं काम नाबार्डने २०१५ मध्ये ‘ई-शक्ती’ नावाने हाती घेतलं, सुरुवात झारखंडचं रामगढ आणि आपलं धुळे. हे हवंच होतं. वही भिजत नाही, बँकेला हिशोब दिसतो, सचिवबाईंना मुलाच्या सुट्टीची वाट बघावी लागत नाही. आमच्या गटासाठी मीही एक नमुना करून पाहिला, मुद्दाम सरळसोट: हप्ता आला की हिरवा, नाही आला की लाल. मागची तीन वर्षं भरली. दर जून-जुलैत पाच नावं लाल.

शेजारच्या काकीने फोन हातात घेतला. “हेका लाल कित्याक केलंस रे? हिचो हप्तो आमी सगळ्यांनी मिळान भरलो.”

त्या पाचातल्या एकीला स्वतःच्या नावावर कर्ज हवंय, बर्फाच्या मोठ्या पेटीसाठी. नऊ वर्षं तिने गटाचा रुपया बुडवलेला नाही. पण सभासदवार नोंद कुणी पाहिली, तर दर पावसाळ्यात ती थकबाकीदार. आणि गटाची एकत्र नोंद पाहिली, तर ती कुठेच नाही.

सध्या नमुन्यात तिसरा रंग आहे, पिवळा: गटाने भरला. तो बँकेला दाखवायचा का, यावर येत्या बैठकीत मत घ्यायचंय. आईचं म्हणणं, दाखवूया, त्या पोरीच्या कामाला येईल. काकीला पटत नाही. “बँकेक पैशे गावले मा? मगे तेंका ह्या सगळा कित्याक व्हया?”